सायखेड्याच्या चंद्राबाईंचं वाक्य

१२ जाने. १९८२
कुसुमताई साळवे नि मी, दोघांनी वेगवेगळं बसून तीच कार्डं तपासली. गावोगावची बोलणी, टेपवरून उतरवलेली. शब्द सरळ अर्थाने असेल तर 'स', लाक्षणिक असेल तर 'ल'. जुळेना. 'डोकं फिरलं' मला सगळीकडे ल. कु. एके ठिकाणी स म्हणतात, त्या बाईला चक्कर आली होती. शेवटी मी नियम सुचवला : एक वाक्प्रचार, सगळीकडे एकच खूण. हे काम ज्यांच्या हाताखाली चाललंय ते आमचे सर खूश. मीही.

१९ जाने.
आता बहुतेक जुळतं. एका कार्डावर कु. अडून बसल्या. सायखेड्याच्या चंद्राबाई, मीच टेप केलेल्या. "पोरगा गेल्यापून पोटात आग पडती." मी ल. मुलाचं दुःख, दुसरं काय. कु. म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतं त्यांना?" सर समोरच. हो म्हणालो.
विचारलं नव्हतं. एस.टी. गाठायची होती.

२३ जाने.
सर ते वाक्य व्याख्यानात घेणार. उत्तम उदाहरण म्हणे, माझ्या नावासकट. स्टँडवर जाऊन सायखेड्याच्या एस.टी.ची वेळ विचारून आलो.

२६ जाने.
सुट्टी. सायखेड्याला जाऊन आलो. चंद्राबाई ओट्यावर पडून, निम्म्या झाल्यात. धाकटी सून सांगत होती, दिवाळीच्या आधीपासून जळजळ, खाल्लेलं उलटतं. घरचे म्हणत, पोराच्या दुःखानं होतंय.
"तुमाला बी सांगितलं व्हतं त्यांनी. शिकलेलं माणूस, कायतरी औषध सांगंल, असं वाटलं त्यांना."
तेव्हा मी मान डोलावली होती. छान वाक्य मिळालं म्हणून.

२७ जाने.
त्यांना सिव्हिलला आणलं, सून बरोबर. दुपारी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, एक कार्ड काढून टाका, झालं. कु.नी मी आणलेल्या बाकीच्या कार्डांचा गठ्ठा पुढ्यात ओढला नि पहिल्यापासून वाचायला लागल्या. मला वर बघवेना.

२९ जाने.
तपासण्या चालू. काय निघेल सांगत नाहीत. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सून बोलायला लागली, मागून मीही. त्यांनी दोघांना थांबवलं. चंद्राबाईंकडे वाकून विचारलं, "कुठं जळतं, आजी?"
चंद्राबाईंनी हात पोटावर ठेवला. मग उचलून छातीवर. तिथंच राहू दिला.