न झालेली कावीळ

आबा, आपल्या गोरेगाव या खेड्यातून जीपनं आपण हिंगोलीच्या दवाखान्यात गेलो, तो दिवस अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. अक्का पहाटे बाळंत झाली होती. पोरगी चांगली होती, पण अक्काचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एक बाटली लावलीय, आणखी लागेल, घरच्या कुणीतरी रक्त द्या. भाऊजी कामाला पुण्याकडं. उरलो आपण दोघं. मी वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, काडीसारखे.

रक्तपेढीतल्या सिस्टरनं आधी विचारलं, काही खाल्लंय का. तुम्ही कालपासून उपाशी होता. "उपाशीपोटी घेत नाही. नाश्ता करा, पाणी भरपूर प्या, मग या." फाटकाबाहेरच्या गाड्यावर तुम्ही पोह्यांची दुसरी प्लेट माझ्यापुढं सरकवली. "खाय पोटभर, मंग चक्कर येत न्हाई. तुझं रक्त ताजं हाये, अक्काला बराबर लागू पडंल." मी पोहे नुसते चिवडत बसलो. सुईची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की एकदा रक्त काढलं की माणूस पहिल्यासारखा राहत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

परत आल्यावर सिस्टर माझा कागद भरायला घेते. वय, वजन, ताप, गोळ्या. आतल्या खाटेवर कुणीतरी पडलेलं दिसतं. त्याच्या हातातून निघालेली नळी लाल, आणि खाली पिशवी हळूहळू फुगत चाललेली. "कावीळ झाली होती का कधी?" ती विचारते, आणि मी काही ठरवायच्या आत तोंडातून निघून जातं, "व्हय. मागच्या साली."

तिनं पेन ठेवला. "मग तुमचं चालणार नाही."

मागच्या साली मी परभणीला खोली करून राहत होतो, त्यामुळं तुम्हाला शंका यायचं कारणच नव्हतं. "काहून सांगितलं न्हाईस रे, लेकरा?" एवढंच म्हणालात, आणि चपला काढून वजनकाट्यावर चढलात. सेहेचाळीस. "पंचेचाळीसच्या खाली असता तर परत पाठवलं असतं," सिस्टर म्हणाली. बोटातला थेंब निळ्या पाण्यात बुडाला, म्हणजे रक्त देण्याजोगं होतं.

रक्त दिल्यावर दहा मिनिटं पडून राहा म्हटलं तरी तुम्ही अक्काला बघायला उठलात आणि दारातच कोसळलात. मी धरलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं. सिस्टरनं पाय उंच करून निजवलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडताच तुम्ही विचारलंत, "अक्का कशी हाये?"

अक्का वाचली. तुम्हीही पुढं बरीच वर्षं शेतात राबलात. गेलात ते छातीच्या दुखण्यानं. त्या रक्ताशी त्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर सांगतात. मी दोन डॉक्टरांना विचारलंय. गावात मात्र तुम्ही शेवटपर्यंत सांगत होता, "पोरगं खरं बोललं, न्हाईतर अक्काला कावीळ लागली असती."

ऑफिसात रक्तदानाचं शिबिर लागलं की मी आजही कावीळच सांगतो. तुम्हाला हे लिहितोय तो कागद अक्काच्या हाती पडायच्या आत फाडून टाकीन. त्या दिवशी दारात तुम्हाला दोन्ही हातांनी धरलं, तेव्हा तुमच्यासाठी घाबरायच्याही आधी माझ्या मनात आलं होतं, आबा, की बरं झालं, तुमच्या जागी मी नव्हतो.