हरल्यावर मिळवलेलं

मी, खाली सही करणारी, विधिमंडळाची माजी सदस्य, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने ही माझी अखेरची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझ्यावर दबाव आणणं आजवर कोणाला जमलेलं नाही, हे माझे विरोधकही शपथेवर सांगतील. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी सत्तेत असताना लिहिलं होतं. त्यात भाषणच फार होतं.

१. राहतं घर माझ्या मुलीचं. या व्यवस्थेची अंमलबजावणीही तिनेच करावी. पुढच्या खोलीतली आरामखुर्ची मात्र दिरांना द्यावी. मी निवडणूक हरले तेव्हा ते जेवताना म्हणाले होते, "वहिनी, आता घरी बसा. पडलेल्या माणसाला कोण विचारतं?" बसायला खुर्ची चांगली आहे.

२. विचारलं, ते एका परक्या देशाने. तिथे यादवी नुकतीच थांबली होती, पहिलं सभागृह निवडून आलं होतं आणि नव्या सदस्यांना कामकाज शिकवायला माजी सदस्य हवे होते. सोबत आले वकीलसाहेब, माझे जन्माचे विरोधक. मी त्यांना भर सभागृहात कोडगे म्हटलं होतं. तो शब्द कामकाजातून काढून टाकला गेला, माझ्या मनातून नाही.

सभागृह म्हणजे एक जुनं गोदाम. दोन्ही पक्ष भिंतीला पाठ लावून बसत. आम्ही त्यांच्यासमोर अर्थसंकल्पावर नमुन्याची चर्चा केली. मी वकीलसाहेबांना अक्षरशः सोलून काढलं. मध्यंतरात त्यांनीच मला चहा ओतून दिला, तेव्हा एका सदस्याने दुभाष्याला विचारलं, "हे दोघं नक्की विरोधकच आहेत ना?"

पुढे राष्ट्राध्यक्षांनी निवडणूक पुढे ढकलण्याचं विधेयक आणलं. मतदान झालं आणि ते पडलं. निकाल जाहीर व्हायचा होता, पण दाराशी गणवेशातले लोक येऊन उभे राहिले होते. सभापतीबाई निकालाचा कागद घेऊन आतल्या खोलीत आमच्याकडे आल्या.

"ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"घाबरले असते," मी म्हणाले, "आणि वाचला असता."

"आवाज मोठा ठेवा, बाई," वकीलसाहेब म्हणाले. "मागच्या बाकांपर्यंत गेला पाहिजे."

सभापतीबाईंनी बाहेर जाऊन निकाल वाचला. गणवेशवाले विधेयक मांडणाऱ्या मंत्र्यांकडे बघत राहिले. मंत्र्यांनी फाइल उचलली आणि ते तरातरा निघून गेले. त्यांच्या पक्षाचे सदस्य मात्र जागेवरून हलले नाहीत. थोड्या वेळाने गणवेशवालेही गेले, आणि पुढचा विषय पुकारला गेला.

निवडणूक वेळेवर झाली. सभापतीबाई तीत पडल्या. त्यांचा फोन आला, हसत होत्या की रडत होत्या कळेना. "ताई, हरले! नव्या सभापतींना खुर्चीत बसवून आत्ताच घरी आले." मी मनापासून अभिनंदन केलं. त्या दिवशी घरात मी एकटीने गोड करून खाल्लं.

३. माझी नियमांची पुस्तकं, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट, त्या सभागृहाच्या ग्रंथालयाला द्यावीत. खुणा पुसू नयेत. काही ठिकाणी नियमापेक्षा पळवाट महत्त्वाची आहे.

४. बचतीचा अर्धा भाग मुलीला. उरलेल्यातून अशा कामाला जाणाऱ्या माजी सदस्यांचा प्रवासखर्च भागवावा. पक्ष पाहू नये. भांडणारी जोडी मिळाली तर तिला आधी पाठवावं.

५. माझ्यावर पक्षाचा झेंडा घालू नये. शोकसभेत एक तरी भाषण विरोधकाचं असावं आणि ते गुळमुळीत नसावं.

६. वकीलसाहेबांना मी काहीही ठेवलेलं नाही. साक्षीदाराने लाभ घ्यायचा नसतो, आणि साक्षीला मला तेच हवे आहेत.

ठिकाण: माझं घर, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: निकालानंतरचा सोमवार. यंदा आमच्या दोघांचेही पक्ष हरले.

सही: माजी सदस्य

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. शुद्धीची खात्री त्यांनी केली आहे.
साक्षीदार दुसरे: वकीलसाहेब. सही करताना म्हणाले, "दुसऱ्या कलमाला माझी हरकत आहे. सोलून मी तुम्हाला काढलं होतं." हरकत नोंदवून घेतली आहे. मजकूर कायम.