डाव्या पावलाचा खळगा

प्रिय ठकू,

फोनवर सांगता आलं असतं, पण मी तुला फोन लावला की तुझे बाबा असतील तिथून उठून दारात येऊन उभे राहतात. आणि मेसेज लिहायचा तर माझ्या बोटांचं तुला ठाऊकच आहे. 'काळजी घे' लिहायला जाते आणि 'काजळी घे' जातं. म्हणून कागद घेतला. बाबा न्हाव्याकडे गेलेत, तिथे गप्पांत सहज तासभर मोडतो. तेवढ्यात होईल तेवढं लिहिते.

माझा गुडघा बरा आहे. समोरच्या घरातली मंडळी मागेच जागा बदलून गेली, जाताना त्यांची कुंडी आपल्याला देऊन गेली. बाबा तिला रोज दोनदा पाणी घालतात. इतकं पाणी घातलं तर ती कुजेल, असं मी म्हणाले, तर म्हणाले, "मग दुसरं काय करू दिवसभर?" हे वाक्य तू वाचून पुढे जाऊ नकोस. त्याबद्दलच लिहायचंय, पण मला जरा मागून यावं लागेल.

तुझ्या पहिल्या पगाराची गोष्ट. मला घड्याळ आणलंस आणि बाबांना ते पावलांचं सॉफ्टवेअर. तोवर बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाचं पाऊल पुठ्ठ्यावर गिरवून घ्यायचे. एक पाय आखूड असलेली माणसं, वाकडी पावलं, साखरेच्या आजाराने बधिर झालेले तळवे, ज्यांना कुठल्याच दुकानात जोडा मिळत नाही ती सगळी आपल्याकडे यायची, आणि त्यांचे पुठ्ठे खिळ्यांना लटकलेले असायचे. तू ती काचेची पाटी जोडून दिलीस. माणूस तिच्यावर उभा राहिला की पाऊल पडद्यावर यायचं, आणि भार कुठे पडतो ते लाल दिसायचं. बाबांनी पहिल्यांदा स्वतःचं पाऊल बघितलं आणि म्हणाले, "पन्नास वर्षं ह्या पायांवर उभा आहे, आज भेट झाली." तू त्यांच्या हातात लायसन्सचा कागद दिलास आणि म्हणालीस, "बाबा, एकदाच घ्यायचं असतं हे. आता कायमचं तुमचं." त्या सुट्टीत आपण तिघांनी मिळून सगळे पुठ्ठे रद्दीत काढले. दोन वर्षांनी तू त्याच कंपनीत लागलीस तेव्हा तर बाबा येईल त्याला सांगत सुटले, "आता हे आमचं घरचंच झालं!"

नऊ वर्षं बाबांनी त्यात जीव ओतला. नुसती मापं नाही गं. कुणाच्या टाचेखाली किती उंची, कुणाच्या कुठल्या हाडाखाली खळगा ठेवायचा म्हणजे तिथे भार येणार नाही, अशा त्यांच्या खुणा प्रत्येक पावलावर होत्या. मग गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं, की जुनी लायसन्सं बंद होणार, यापुढे महिन्याचं सबस्क्रिप्शन. बाबांनी ते वाचलं, छापून काढलं आणि घडी घालून खणात ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाले, "ते नवीन लोकांसाठी असेल. आपण विकत घेतलेलं आहे."

तीन महिन्यांनी दुकानातला कॉम्प्युटर बसला. नवा आणला, सॉफ्टवेअर चढवलं, आणि ते उघडेचना. लायसन्स ग्राह्य नाही म्हणे, आणि पावलं तर सगळी कंपनीच्याच सर्व्हरवर साठवलेली. बाबांनी मदतीच्या नंबरवर किती फोन केले ते मी मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी नवीन मुलगी, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. लायसन्सवरचा तो लांबलचक आकडा बाबा चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर वाचायचे. पलीकडून, "सर, तुमची अडचण आम्हाला समजते." एकदा मात्र त्यांचा आवाज चढला, "बाई, समजते तर उघडा ना! पावलं माझ्या गिऱ्हाइकांची, खुणा माझ्या हाताच्या, आणि कुलूप तुमचं? हा कुठला न्याय?" नंतर त्यांनाच वाईट वाटलं. परत फोन लावून त्या मुलीची माफी मागायला निघाले, तर ती काही परत सापडली नाही.

मी म्हटलं, पैसे भरून मोकळे व्हा. तर म्हणाले, "माझ्या लेकीने मला घेऊन दिलेल्या वस्तूचं मी भाडं भरणार नाही." मी म्हटलं, मग ठकूला एक फोन करा, ती तिथेच आहे. त्यावर ते जे चिडले! लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असे चिडलेले मी पाहिले नव्हते. "तिला ह्यातलं एक अक्षर कळता कामा नये. शपथ आहे तुला." का ते मला तेव्हा कळलं नाही.

आपले पोस्टमनकाका तुला आठवत असतील. निवृत्त झाल्यावरही रोज जुन्या वाटेने फेरी मारणारे. त्यांचे तळवे पार बधिर झालेत, टाचणी टोचली तरी कळत नाही. त्यांचा जोडा झिजला होता. बाबा म्हणाले थोडं थांबा, तर ते म्हणाले, "मास्तर, मी थांबेन हो, पाय थांबत नाहीत. आणि तुम्हाला माझं पाऊल पाठ नाही होय?" बाबांना ते लागलं. पूर्वी सगळं हातानेच करायचो की, असं म्हणाले आणि त्यांनी आठवणीवर जोडा केला. चार दिवस राबले. जोडा देखणा झाला होता गं. काका आरशासमोर फिरून फिरून बघत होते.

तीन आठवड्यांनी त्यांची सून आली. काकांच्या डाव्या पायाला जखम झाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मोज्याला डाग दिसला तेव्हा तिने बघितलं. पुढे इस्पितळ, आणि शेवटी एक बोट काढावं लागलं. आम्ही भेटायला गेलो तर काकाच बाबांची समजूत घालत होते, "नऊ आहेत की अजून! एवढ्यावर जग चालतं." बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी त्या पांघरुणाखालच्या पायावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

घरी आल्यावर त्यांनी कुणाचंही नवीन काम घेतलं नाही. गिऱ्हाइकांना दुसऱ्या गावातल्या कारागिराचा पत्ता लिहून देऊ लागले. मग शिवणाची मशीन पिशव्या करणाऱ्याला देऊन टाकली, आऱ्या आणि हातोड्या तेल लावून फडक्यात बांधल्या, आणि दुकानाची किल्ली मालकाला परत केली. ठकू, दुकान बंद होऊन आता पाच महिने झाले.

हो, मला माहीत आहे. गेल्या रविवारीच त्यांनी तुला सांगितलं की कामाला उसंत नाही. मी शेजारी बसून ऐकत होते.

अजून एक आहे, ते मी त्यांच्या नकळत केलं. मशीन गेली त्याच आठवड्यात दुकानातला कॉम्प्युटर घरी आला, आणि मी माझ्या कार्डावरून ते सबस्क्रिप्शन भरलं. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला बघायचं होतं की चूक त्यांची नव्हतीच. पाच मिनिटांत सगळं उघडलं. सगळी पावलं जशीच्या तशी. मी काकांचं डावं पाऊल पडद्यावर उघडलं. खळग्याची खूण दुसऱ्या बोटाच्या मुळाशी होती. मागून बाबांचा आवाज आला, "मी तिसऱ्याखाली ठेवला." ते केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बंद कर ते," आणि बाहेर जाऊन कुंडीला पाणी घालू लागले.

त्या दिवशी मी खणातलं ते पत्र काढून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. छान लिहिलंय, ठकू. कुठे उद्धटपणा नाही. 'आपल्या विश्वासाबद्दल आभार' आहे, 'या प्रवासात आम्ही सोबत आहोत' आहे. आणि तळाशी ग्राहक विभागाच्या प्रमुखांचं नाव आहे. तुझं. बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी पत्र घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा म्हणाले, "वरून आलं असेल, तिने सही केली. नोकरी आहे पोरीची. आणि बोट तिने नाही घालवलं, मी घालवलं." मी पत्र घडी घालून परत खणात ठेवलं. पण तुला एक विचारते. तू ते पत्र एवढ्या हजारो लोकांना पाठवलंस, तेव्हा त्या यादीत एक नाव बाबांचं आहे हे तुझ्या मनात आलं होतं का? आलं असलं तरी सांग आणि नसलं तरी सांग. मी आई आहे, दोन्ही ऐकून घेईन.

आता हे आजच का लिहिते आहे ते सांगते. पुढच्या महिन्यात तू आठ दिवस येते आहेस, आणि फोनवर म्हणालीस की यावेळी दिवसभर दुकानात बसणार. तेव्हापासून बाबांची धावपळ चालली आहे. मालकाकडून त्यांनी आठ दिवसांपुरती दुकानाची किल्ली मागून घेतली. पिशव्यावाल्याने मशीन द्यायचं कबूल केलं. आणि काल मला कळलं की पोस्टमनकाकाही तयार झालेत. ते काठी टेकत येणार, काचेच्या पाटीवर उभे राहणार, आणि तू बघत असताना बाबा त्यांचं माप घेणार. तुला कुठे खटकू नये म्हणून दोन म्हातारे आपल्या अंगणात त्याची तालीम करत होते. काका हसत होते. बाबांनी वाकून त्यांचं डावं पाऊल हातात घेतलं, आणि त्यांना पुढचं काही जमेना. ते तसेच बसून राहिले. हे मला बघवलं नाही. त्यांनी घातलेली शपथ मी मोडते आहे, पाप माझ्या माथी. हे पत्र पोचलं की त्यांना फोन कर. चूक कुणाची हे बोलू नकोस, कंपनीचंही काही सांगू नकोस. "बाबा, मला सगळं कळलंय, दुकान उघडू नका, मी तुमच्याजवळ घरीच बसायला येते आहे," एवढंच म्हण. मशीन पुढच्या शुक्रवारी यायची आहे. त्याच्या आत कर.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई