ग्रोथ हार्मोनचं जुळं भावंड

३ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून सगळं गुप्त. पंचवीस वर्षं या लॅबमध्ये घासल्यावर एक नवं प्रोटीन वेगळं काढलंय. ग्रोथ हार्मोनचं जवळचं नातेवाईक निघणार, लिहून ठेवतो. प्रोलॅक्टिन त्याचं लांबचं भावंड, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझं सख्खं निघेल. जमलं तर ग्रुप लीडर मीच. नाही जमलं तर बॉस कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही. पण तो प्रश्नच येत नाही.

५ मार्च
शेजारच्या टेबलावरची मॅडम माझ्याकडे बघून हसली. का? वर चहा घेणार का, असंही विचारलं. साफ नाही म्हटलं. मी चहाला गेलो की टेबल मोकळं!

६ मार्च
नळ्यांवरची सगळी लेबलं काढली. कुठल्या नळीत काय, ते फक्त माझ्या डोक्यात. बायको म्हणाली, तुम्हाला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही. हिला कोणी पढवलं?

१४ मार्च
नवं प्रोटीन आणि ग्रोथ हार्मोन, दोन्हींच्या साखळ्या मशीनमधून आल्या. पहिली पन्नास अमिनो आम्लं जुळली!
दुपारी २.३५. एकशे एक्याण्णवपैकी एकशे एक्याण्णव!! सख्खं कसलं, जुळं!

१७ मार्च
उद्या सेमिनार. मॅडम हळूच म्हणाली, सर, त्याआधी एकदा नळ्या तपासून घ्याल का? जळते मेली. मुद्दाम तपासल्या नाहीत.

१८ मार्च
शेवटची स्लाइड दाखवली. सगळे चिडीचूप. भारावले असणार.
मग बॉसने विचारलं, दोन्ही नळ्यांत ग्रोथ हार्मोनच तर नव्हतं? मागे कोणीतरी फिसकन हसलं.
नवं प्रोटीन फ्रीजमध्ये जसंच्या तसं सापडलं. हात न लावलेलं. नळ्यांची अदलाबदल कोणीतरी केली, यात शंका नाही. संशयितांची यादी केली. मी चौथा.

२१ मार्च
बॉसने केबिनमध्ये बोलावलं. ग्रुप लीडर मॅडम. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र एक वर्ष वाढलं. बॉस म्हणाला, मी तुम्हाला काढणारच होतो, ती अडून बसली. नळी हातात कशी धरायची इथपासून सगळं मला सरांनीच शिकवलंय, ते राहणार नसतील तर मलाही पद नको, म्हणाली.
मी कधी शिकवलं होतं, मलाच आठवेना. फार लाज वाटली.
पण यात तिचा डाव काय? दुपारभर कागद-पेन घेऊन बसलो. एकही सापडला नाही.