नाशिकच्या वहीतले बाबा

नाशिक, माघ वद्य पंचमी, शके १८१०

तीर्थरूप गोविंदादादास,

धाकट्या दौलतचा साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोहोचलो. घाटातल्या बोगद्यांतून गाडी जाताना बाबा इथेच राबले, हे आठवून खडकाला हात लावावासा वाटला. गोदेत स्नान झालं. आईसाठी गंगाजल घेतलं आहे. थंडी मात्र अशी की आपल्या कोपर गावच्या माणसाचं इथे काम नव्हे.

पंढरी मास्तर, इथवर मोठ्याने वाचलंत ना? आता काही निमित्त काढून आईला तिथून उठवा. पुढचं फक्त दादाला.

दादा, उपाध्यांकडची आपल्या घराण्याची वही सापडली. आजोबा भिवा स्वतः येऊन नावं सांगून गेले होते. चुलतभाऊ पोपट म्हणतो, घाटातून परतलेले आपले बाबा खरे धाकू नव्हतेच, कोणी तोतया होता, म्हणून खाडीकाठच्या खारातल्या शेतीवर आपला हक्क नाही. त्यावर कल्याणच्या कचेरीत तूच छाती ठोकून म्हणालास, "नाशिकची वही आणून बघा!"

तर ऐक. शके १७८२. 'मुलगा धाकू, घाटात दगडाखाली मयत, निपुत्रिक. पिंड दिला.'

बाबा परत आले त्यानंतर दोन वर्षांनी. तोवर आजोबा गेले होते, आणि इथे येऊन ते दुरुस्त करायचं घरात कोणाला सुचलं नाही! काय म्हणावं आपल्या माणसांना?

निघताना आई म्हणाली होती, "बापाचे नावाला हात लावून ये रं." लावला. मग उपाध्यांनी रिवाजाप्रमाणे बोरू पुढे केला, बापाखाली मुलाने आपलं नाव लिहायचं म्हणून. निपुत्रिकाखाली काय लिहू? मी त्यांच्यासमोर रडलो.

ते म्हणाले, "लिहा हवं तर. पण जुनं मी खोडणार नाही, नि आजचं कचेरी मानणार नाही."

मी बोरू परत दिला.

याहून वाईट अजून सांगितलेलं नाही. बाबांचा चेहरा सुरुंगाने होरपळलेला. आजीने त्यांना आवाजावरून ओळखलं, आणि आजीच्या शब्दावर सगळ्या गावाने. मेलेल्या मुलासाठी रात्रंदिवस रडणाऱ्या माउलीला कोणता आवाज त्याचा वाटणार नाही? हे माझ्या मनात आलं, दादा. मला क्षमा कर. त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या आहेत.

वहीची नक्कल घेऊन शुक्रवारी येतो. दाखवली तर खारातली शेती जाईल, न दाखवली तरी जाईल. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

सही करताना आज पहिल्यांदाच बापाच्या नावापाशी हात अडला. पण दुसरं नाव मी आणू कुठून?

तुझा,
दौलत धाकू