खिडकीतली जागा

रविवार, १२ मार्च
दुपारी

प्रिय ताई,

सा. नमस्कार. आम्ही सगळे ठीक, तूही ठीक असशील, तुझा शिवणवर्ग जोरात चालला असेल. दर पत्रात हेच लिहिते, म्हणून आज एका दमात उरकून टाकलं. ह्यांचा गुडघा जिना दिसला की दुखतो आणि पत्त्यांचा डाव दिसला की थांबतो.

बातमी अशी, की तुझ्या भाचीने मला वाढदिवसाला एक तिकीट काढून दिलं. नाटकाचं नव्हे. आपल्या जुन्या भागात आता एक फेरी निघते. जिथे जिथे खून झाले तिथे तिथे माणसांना पायी हिंडवून आणतात. हसू नकोस. मला म्हातारपणी खुनाच्या गोष्टी ऐकायचं वेड लागलंय. भाजी चिरताना कानात एक खून, कपडे वाळत घालताना दुसरा. हे म्हणतात, "तुझ्या हातात सुरी असली की मी आपला बाहेरच्या खोलीत बसतो."

फेरी नेणारे गृहस्थ कोर्टातले निवृत्त टंकलेखक. काय माणूस आहे ताई! आवाज चढवणं नाही, रक्ताची वर्णनं नाहीत. बँकेच्या पायऱ्यांपाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पहारेकरी इथे पडला. त्याच्या धाकट्या मुलीची त्या दिवशी परीक्षा होती." मी तर त्यांच्यावर खूशच झाले.

चौथा मुक्काम कुठला, ते तू ओळखलंच असशील. मी तिकिटावरच वाचलं होतं. तरीही गेले. खरं सांगायचं तर म्हणूनच गेले.

आपली गल्ली. घड्याळजींच्या दुकानात आता चष्मे मिळतात. समोर वरच्या मजल्यावरची आपली खिडकी आहे तिथेच आहे, तिला निळी जाळी बसवलीय. तिच्याच खाली आम्हाला उभं केलं.

टंकलेखकांनी पिवळे पडलेले कागद काढले. "घरमालकाला दुकानाची जागा हवी होती, घड्याळजी सोडत नव्हते. मालक भर दुपारी आत गेला. बाहेर आला, रुमालाने हात पुसले, चार पावलं गेला, आणि परत फिरून दारावर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी अडकवली. घड्याळजी आत पडलेत, याचा संध्याकाळपर्यंत कुणाला संशय नाही. सगळी गल्ली मालकाच्याच घरांत भाड्याने राहणारी. पोलिसांना कुणी काही सांगेना. एक मुलगी सोडून."

मग तुझ्याबद्दल बोलले. "चौतीस वर्षं मी साक्षी टाइप केल्या. माणसं रडतात, पाणी मागतात, शब्द फिरवतात. या बाईंना वकिलाने दोन दिवस सोलून काढलं. पाटी कुठल्या हाताने लावली, विचारलं. म्हणाल्या, 'डाव्या. उजव्यात रुमाल होता.' माझी बोटं थांबली हो तिथे."

ताई, माझा ऊर भरून आला. ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी सख्खी बहीण! पण गप्प राहिले. गप्प राहण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

त्यांनी पुढचं वाचलं. "प्रश्न : त्या वेळी तुम्ही काय करत होता? उत्तर : खिडकीत बसून शर्टांची काजं करत होते. प्रश्न : खोलीत आणखी कोण होतं? उत्तर : कोणी नाही. मी एकटीच."

काजं? ताई, तू आणि काजं?

तुझं एक काज कधी सरळ आलं नाही. टेलरमास्तर गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवायचे. म्हणून काजं माझ्याकडे आणि उजेडाची जागाही माझी. बटणं तुझ्याकडे, कारण ती चाचपूनही लावता येतात. तू आत भिंतीशी बसायचीस. हात पुसताना मालक मला दिसला. मी म्हटलं, "ताई, इकडे ये, बघ!" तू उठलीस आणि माझ्या खांद्यावरून पाहिलंस, तेव्हा तो पाटी अडकवत होता.

भिंतीशी होते म्हणाली असतीस तर वकिलाने विचारलं असतं, मग उठलात का, कुणी हाक मारली? म्हणून तू सरळ माझ्या जागेवर जाऊन बसलीस. मी कोर्टात पाऊलच टाकलं नव्हतं. मला हे अडतीस वर्षांनी, रस्त्यावर उभ्याने कळलं.

मी पोलिसांना सांगितलं होतं, मी पाणी भरायला गेले होते. बाबांनी तसं सांगायला लावलं, असं मी स्वतःला समजावत आले. पण बाबांनी ते दोघींनाही सांगितलं होतं, एकाच दारात उभं करून. तू ऐकलं नाहीस. मी ऐकलं. मालकाला शिक्षा झाली, तो तुरुंगातच वारला, आणि इकडे तुझं ठरलेलं लग्न मोडलं. कोर्टाची पायरी चढलेली मुलगी त्यांना नको होती. पुढच्या वर्षी माझं थाटात झालं. तू माझ्या ब्लाउजांना बटणं लावून दिलीस. तेव्हापासून मी तुला गुडघ्यांच्या बातम्या कळवतेय.

अजून एक राहिलंय. घोळक्यातला एक टोपीवाला म्हणाला, "एकटीच होती ना? मग कशावरून खरं? खिडकीत बसून बायका काय वाटेल ते रचतात." दोघं-तिघं हसले.

"मी पाहिलं," कोणीतरी चिरक्या आवाजात म्हणालं. तो आवाज माझा होता. "काजं मी करत होते. ती माझी ताई. माझ्या मागे उभी होती. तिने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. 'एकटी' तेवढं खोटं, आणि ते माझ्यासाठी."

टोपीवाल्याने टोपी काढली. टंकलेखकांनी कागदावरच्या 'मी एकटीच'वर बोट ठेवलं. मग म्हणाले, "या उत्तराआधी त्या जरा थांबल्या होत्या. थांबलेलं टाइप करता येत नाही." पुढच्या फेरीत हे सांगू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ताईला विचारून सांगते.

तर विचारतेय. तू नको म्हणालीस तर ते सांगणार नाहीत. पण मी मात्र येत्या शनिवारी तुझ्याकडे येतेय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर मी गुडघ्याबद्दल एक शब्द बोलणार नाही.

त्या दुपारी त्या खोलीत आपण दोघी होतो.

तुझी,
खिडकीत बसलेली
धाकटी