मंगळावरची मेंढरं

इनामगाव, फेब्रुवारी २००४

चि. हर्षदा,

अनेक आशीर्वाद आणि एक कबुली.

कुरकुंभची नोकरी सोडून तू मंगळावरच्या मेंढपाळांची कादंबरी लिहिलीस, तेव्हा मी त्याला सशाचं शिंग, म्हणजे जगात नसलेली गोष्ट, शोधणं म्हणालो होतो. आमच्या न्यायशास्त्रात विनोद तेवढाच. आता तू विचारतेस, 'मामा, पुस्तक खपत नाही, परत कंपनीत जाऊ का?'

काल ते भामाबाईंना वाचून दाखवलं. जन्मभर मेंढरं राखलेली बाई. म्हणाल्या, "मास्तर, रानात मेंढरं बसवली की लेंड्यांनी माती सुधारती. पुढल्या साली मंगळावर जवारी येती का, पोरीला इचारा."

म्हणजे दुसरा भाग लिहिणं आलं. हे पत्र टपालात टाकत नाही, भामाबाईंनाच घेऊन येतो आणि ते तुझ्या हातात देतो. मी चुकलो, हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

तुझा,
तर्कापुरता शहाणा मामा